यंत्र आपलं, पसारा कुणाचा?

विंडोज १० ची मुदत संपलेली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ही मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलेली शेवटची तारीख, त्या वर्षीच्या धनत्रयोदशीच्या चार दिवस आधीची. त्यानंतर या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपसूक मिळत नाहीत. घरगुती वापरकर्त्याला नोंदणी करून फार तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून घेता येते. विंडोज ११ वर जायचं म्हटलं तर ते किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर मागतं. आठवी पिढी बाजारात आली ती २०१७ साली. त्याआधी घेतलेला लॅपटॉप कितीही धडधाकट असला तरी तो या दारातून आत जात नाही. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता की, या एका तारखेमुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

यातले बरेच संगणक बिघडलेले नाहीत, हळू झाले आहेत. चालू केला की चहा करून यावं, ब्राउझर उघडला की पंखा घरघरावा, दोन फाइली उघडल्या की हँग. दुकानात नेला की ठरलेलं निदान मिळतं : ‘फॉरमॅट मारून देतो, नवा होईल.’ फॉरमॅट मारल्यावर तो महिना-दोन महिने खरंच पळतो, कारण मधल्या काळात साचलेला गाळ निघालेला असतो. पण गाळ आणणारी व्यवस्था तशीच असल्यानं तो पुन्हा साचतो. मग सल्ला बदलतो : ‘आता नवाच घ्या.’

या दोन सल्ल्यांच्या मधे एक वाट आहे, आणि जगभरातले अनेक लोक गेली पंचवीस-तीस वर्षं ती चालत आले आहेत. संगणकाच्या प्रणालीत आपल्याला काय लागतं, काय लागत नाही हे पाहून ती हलकी करणं. वरवर हे काम मेगाबाइटांच्या हिशेबाचं वाटतं. थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, प्रश्न मालकीचा आहे. आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर काय चालावं आणि काय चालू नये, हे ठरवणार कोण?

चार एमबी ते चार जीबी

विंडोज ९५ बाजारात आलं २४ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याला किमान ४ एमबी रॅम पुरायची आणि हार्ड डिस्कवर पन्नासेक एमबी जागा. फ्लॉपीवर मिळणारी आवृत्ती १३ फ्लॉप्यांत बसत असे. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम आणि दीड जीबी जागा लागू लागली. २००७ च्या व्हिस्टाला ५१२ एमबी रॅम आणि १५ जीबी मोकळी जागा. २०२१ च्या विंडोज ११ ची किमान मागणी ४ जीबी रॅम. म्हणजे सव्वीस वर्षांत किमान रॅम हजारपटीनं वाढली, डिस्कवरची जागा त्याहूनही जास्त. या काळात आपण संगणकावर करतो ती कामं हजारपट वाढली का? पत्र लिहिणं, हिशेब, फोटो पाहणं, छपाई ही तेव्हाही होतीच. इंटरनेट आणि व्हिडिओ यांची भर मोठी, हे मान्य. तरी हिशेब पुरा जुळत नाही.

पास्कल ही भाषा घडवणारे स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ सालीच ‘अ प्ली फॉर लीन सॉफ्टवेअर’ हा लेख लिहून याची झाडाझडती घेतली होती. सत्तरच्या सुमारास मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम ८,००० बाइटमध्ये बसत असे, याची त्यांनी आठवण करून दिली. यंत्रं जितक्या वेगानं जलद होतात त्याहून अधिक वेगानं सॉफ्टवेअर मंद होतं, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ पुढे ‘विर्थचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवलेली कारणं आजही लागू आहेत. विकणाऱ्याला दर आवृत्तीत नवं काहीतरी दाखवायचं असतं, जुनं काढलं तर कुणीतरी तक्रार करील म्हणून ते काढलं जात नाही, आणि यंत्रं स्वस्त होत असल्यानं काटकसर करणाऱ्या प्रोग्रॅमरला कुणी शाबासकी देत नाही.

पण सगळी वाढ चरबी नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाली. एका वेबसाइटनं दुसरीची माहिती चोरू नये म्हणून गूगल क्रोमनं त्याच वर्षी प्रत्येक साइट स्वतंत्र प्रक्रियेत चालवायला सुरुवात केली. त्यापायी ब्राउझरची रॅमची भूक सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढल्याचं गूगलनंच सांगितलं. हे वजन सुरक्षेचं आहे. ते ‘हलकं’ करणं म्हणजे दाराची कडी काढणं.

देवनागरी जेव्हा ‘जादा’ होती

मराठी वाचकाला यातली आणखी एक भर विसरता येणार नाही : आपली लिपी. युनिकोड देवनागरी विंडोजमध्ये मुळापासून आली ती विंडोज २००० पासून. तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मुंबईचे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. देवनागरी पडद्यावर आणायला फक्त अक्षरांची चित्रं पुरत नाहीत. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते पण दिसते आधी. जोडाक्षरं घडवावी लागतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. हे करणारा यंत्रणेचा वेगळा थर प्रणालीत असावा लागतो. रोमन लिपीच्या वापरकर्त्याच्या नजरेतून पाहिलं तर हे सगळं वजन जादाच.

एक्सपीत तसंच मानलं गेलं. हिंदी-मराठी दिसण्यासाठी लागणाऱ्या फाइली सीडीवर होत्या, पण इंग्रजी एक्सपी बसवताना त्या आपोआप बसत नसत. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या चौकोनावर खूण करावी लागे, मग संगणक एक्सपीची सीडी मागे. सीडी नसली की मराठी संकेतस्थळावर चौकोनी डबे दिसायचे, नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरांना लटकलेल्या. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठीत संगणकावर लिहू लागलेल्या माणसाला हा चौकोन कुठे असतो ते तोंडपाठ असे.

विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच वजन उतरवलं, तेव्हा पुन्हा हाच प्रकार घडला. ‘निर्मला यूआय’ हा फॉन्ट सगळ्यांना दिला आणि मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे देवनागरी फॉन्ट ‘पूरक’ म्हणून ऐच्छिक यादीत टाकले. भाषा-यादीत मराठी किंवा हिंदी जोडलेली नसेल तर ते बसत नाहीत. मंगलमध्ये टाइप केलेलं जुनं पत्र नव्या संगणकावर उघडलं की ओळी सरकतात, पानांची संख्या बदलते, तक्ता फुटतो. सरकारी नमुन्यांवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

ज्याच्या हातात कात्री असते, तो आपल्याला न लागणारी गोष्ट आधी कापतो. म्हणूनच ही कात्री आपल्या हातात असली पाहिजे, आणि ती चालवण्यापूर्वी आपल्याला काय लागतं याची यादी तयार असली पाहिजे.

मालकाला न विचारता ठेवलेले भाडेकरू

आता खऱ्या पसाऱ्याकडे येऊ. नवा लॅपटॉप उघडला की त्यात अँटिव्हायरसची महिन्या-दोन महिन्यांची नमुना-प्रत असते, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची तीन-चार ‘मदतनीस’ अ‍ॅप असतात, विंडोज १० च्या सुरुवातीच्या काळात तर ‘कँडी क्रश’ हा खेळही असे. ही अ‍ॅप म्हणजे घरमालकाला न विचारता बिल्डरनं परस्पर ठेवलेले भाडेकरू. भाडं बिल्डरच्या खिशात, पाणी आणि वीज घरमालकाची. संगणकाच्या व्यवसायात नफ्याचं प्रमाण अगदी कमी असतं, आणि अ‍ॅप आधीच बसवून देण्याचे पैसे सॉफ्टवेअर कंपन्या मोजतात. स्वस्त यंत्रात असा पसारा अधिक सापडतो तो यामुळे.

हा प्रकार कुठवर जाऊ शकतो ते फेब्रुवारी २०१५ मध्ये दिसलं. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत आधीच बसवलेलं ‘सुपरफिश’ नावाचं अ‍ॅप ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवत होतं. त्यासाठी ते सुरक्षित जोडणीच्या मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र उभं करत असे, आणि त्या प्रमाणपत्राची किल्ली सगळ्या यंत्रांत एकच होती. ती किल्ली हाती लागलेला कुणीही त्या ग्राहकाला बँकेचं खोटं संकेतस्थळ खरं भासवू शकला असता. अमेरिकी सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेला ते काढून टाका असा इशारा द्यावा लागला. लेनोवोनं ते बसवणं थांबवलं, काढण्याचं साधन दिलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड केली.

मुक्त सॉफ्टवेअरचं जगही सर्वस्वी धुतल्या तांदळासारखं नाही. उबुंटू या मुक्त प्रणालीनं २०१२ च्या १२.१० आवृत्तीत संगणकातल्या शोधपेटीत अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली होती. टीका झाली, आणि १६.०४ आवृत्तीत ती सोय आपसूक चालू राहणं बंद झालं. फरक इतकाच की, तिथे नको असलेली गोष्ट समूळ उपटण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून वापरकर्त्याकडे होता.

न्यायालयात गेलेली कात्री

विंडोजमध्ये तो हक्क कुणाचा, यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. इंटरनेट एक्सप्लोरर हा विंडोजचा अविभाज्य भाग आहे, तो काढला तर प्रणाली नीट चालणार नाही, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं. डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी न्यायालयातच एका तंत्रज्ञाकडून तो काढून घेतला. काम दीड मिनिटाच्या आत झालं आणि विंडोज चालत राहिलं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर असं की, यानं फक्त दर्शनी भाग निघाला, आतला कोड जागेवरच आहे. पुढच्या वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी सरकारच्या बाजूनं साक्ष देताना विंडोज ९८ मधून ब्राउझर वेगळा काढणारा प्रोग्रॅमच सादर केला. खटल्याचा शेवट तडजोडीत झाला. एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये जी सोय आली तिनं एक्सप्लोरर लपवता येत होता, काढता येत नव्हता.

युरोपनं हा धागा सोडला नाही. २००४ मध्ये युरोपीय आयोगानं मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेलं विंडोज विकायला लावलं. त्याची किंमत तीच ठेवल्यामुळे ते फारसं कुणी घेतलं नाही. अलीकडच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टनं मात्र परिणाम दाखवला. मार्च २०२४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या विंडोजवरून एज हा ब्राउझर सरळ अनइन्स्टॉल करता येतो. म्हणजे पॅरिसच्या माणसाला जे काढता येतं ते पुण्याच्या माणसाला त्याच कंपनीच्या त्याच प्रणालीत सरळ मार्गानं काढता येत नाही. अडचण तांत्रिक नसल्याचा याहून मोठा पुरावा नको.

आपल्याकडे हा प्रश्न फोनच्या निमित्तानं आला. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधी बसवलेली गूगलची अ‍ॅप काढण्यापासून वापरकर्त्याला अडवू नये, हाही त्या आदेशाचा एक भाग होता. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. अ‍ॅप काढू देण्याचा निर्देश त्या चारांतला एक.

गाभा खरंच केवढा असतो?

ऑक्टोबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अभियंते एरिक ट्रॉट यांनी इलिनॉय विद्यापीठात एक प्रात्यक्षिक दाखवलं. विंडोज ७ ची पायाभरणी चालू होती. त्यातला फक्त गाभा वेगळा काढून त्यांनी त्याला ‘मिनविन’ म्हटलं होतं. डिस्कवर सुमारे २५ एमबी, चालताना सुमारे ४० एमबी रॅम, शंभरेक फाइली. तेव्हाचं पूर्ण विंडोज काही हजार फाइलींचं आणि काही जीबींचं होतं. तो गाभा विकण्यासाठी नव्हता. थर नीट सुटे व्हावेत म्हणून चाललेल्या कामाचा तो भाग होता. तरी त्यातून दिसलं ते स्पष्ट होतं : मूळ यंत्रणा लहान आहे, बाकीचं तिच्यावर चढवलेलं आहे.

आणि कंपन्यांना मायक्रोसॉफ्ट हलकी प्रणाली देतंच. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये खिडक्या-चित्रांचा पसारा वगळलेलं ‘सर्व्हर कोअर’ आलं. रुग्णालयातली उपकरणं, कारखान्यातली यंत्रं यांच्यासाठी ‘एलटीएससी’ नावाची आवृत्ती असते. तिच्यात अ‍ॅपचं दुकान नाही, खेळ नाहीत, दरवर्षी बदलणाऱ्या सोयी नाहीत. विंडोज १० च्या अशाच एका आवृत्तीला, २०२१ च्या आयओटी एलटीएससीला, सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०३२ पर्यंत मिळणार आहेत. जी प्रणाली घरात ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘म्हातारी’ ठरते, ती कारखान्यात २०३२ पर्यंत कामाची असते. मात्र ही आवृत्ती किरकोळ ग्राहकाला विकली जात नाही. घरगुती ग्राहक हा नुसता गिऱ्हाईक नाही. त्याचं लक्ष, त्याचं खातं, त्याचा शोध हासुद्धा धंद्याचा माल आहे. म्हणून त्याच्या वाट्याला भरलेलीच प्रणाली येते.

तयार ‘लाइट’ विंडोजचा मोह

कंपनी देत नाही म्हटल्यावर लोकांनी स्वतः कात्री हाती घेतली. एक्सपीच्या काळात क्रोएशियाच्या दिनो नुहागिच यांचं ‘एनलाइट’ गाजलं. त्यात विंडोजची सीडी घालायची, नको त्या घटकांवर खूण करायची आणि आपल्या मापाची नवी सीडी तयार करायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानांपर्यंत ‘लाइट’, ‘टायनी’ अशा नावांच्या तयार सीड्या फिरत. त्या कुणी बनवल्या, आत काय घातलं, काय काढलं याचा पत्ता नसे. ज्यानं बनवली त्यानं ‘भाषा’ हा गठ्ठा नको म्हणून उडवलेला असला तर कंट्रोल पॅनेलमधल्या त्या चौकोनावर खूण करूनही मराठी दिसण्याची आशा नव्हती.

आजच्या काळातला त्याचा वारसदार म्हणजे ‘टायनी ११’. एनटीडेव्ह या टोपणनावानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरनं २०२३ मध्ये तो आणला. २ जीबी रॅम आणि ८ जीबी जागेत विंडोज ११ बसतं, हे त्यानं दाखवून दिलं. पुढे त्यानं तयार प्रतीऐवजी, मायक्रोसॉफ्टच्या मूळ फाइलीवर आपणच कात्री चालवावी अशी उघडी स्क्रिप्ट दिली. हे अधिक प्रामाणिक, कारण काय कापलं जातं ते वाचता येतं. याचाच आणखी छाटलेला ‘कोअर’ प्रकार आहे. तो रोजच्या वापरासाठी नाही, असं त्याचा कर्ताच बजावतो. त्यात नंतर अपडेट घालता येत नाहीत, सोयी वाढवता येत नाहीत आणि भाषाही जोडता येत नाहीत. तो बसवून ‘माझा लॅपटॉप उडतोय’ म्हणणाऱ्यानं हे तिसरं कलम दोनदा वाचावं.

त्यामुळे नियम सोपा आहे. अनोळखी माणसानं छाटून दिलेलं तयार विंडोज बसवू नये. त्यावर बँकेचे व्यवहार तर मुळीच करू नयेत. कात्री चालवायची तर मूळ प्रतीवर, आपल्या हातानं, आणि परत जोडता येईल इतपतच.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहा

छाटणीपूर्वी निदान हवं. २०१५ ते २०१८ च्या सुमारास आपल्याकडे विकल्या गेलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपचं ठरावीक रूप म्हणजे ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. ही डिस्क विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना सेकंदाला शंभरच्या आसपासच विनंत्या पुऱ्या करू शकते. संगणक सुरू होताना विंडोज, अँटिव्हायरस, अपडेट तपासणारे डझनभर मदतनीस असे सगळे एकदम तिच्या दारात उभे राहतात. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतं ते त्यामुळे. एसएसडी ही न फिरणारी डिस्क हेच काम सेकंदाला हजारो विनंत्यांच्या वेगानं करते. एक एसएसडी आणि शक्य असल्यास ४ जीबीची वाढीव रॅम, एवढ्यानं जो फरक पडतो तो कुठल्याही ‘क्लीनर’ अ‍ॅपनं पडत नाही.

मग छाटणी. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग उघडावा आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अ‍ॅपपैकी ज्यांची रोज सकाळी गरज नाही ती बंद करावीत. हे सर्वांत सुरक्षित पाऊल, कारण इथे काहीच नष्ट होत नाही. त्यानंतर सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीतून नमुना-अँटिव्हायरस, खेळ, न लागणारे मदतनीस अनइन्स्टॉल करावेत. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवणं हे मंदपणाचं फार जुनं कारण आहे. बातम्या-हवामानाची पट्टी, सुरुवातीच्या यादीतल्या ‘सूचना’, पार्श्वभूमीत चालणारी अ‍ॅप ही सेटिंग्जमधूनच बंद होतात.

जागेची चणचण असेल तर ‘स्टोरेज सेन्स’ तात्पुरत्या फाइली आणि जुन्या अपडेटचे अवशेष काढतं. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ते बंद केल्यानं रॅमच्या सुमारे ४० टक्के आकाराची फाइल डिस्कवरून जाते.

काय करू नये हेही तितकंच महत्त्वाचं. ‘विनएसएक्सएस’ हा फोल्डर अवाढव्य दिसतो, पण त्यातल्या बऱ्याच फाइली म्हणजे दुसरीकडे असलेल्या फाइलींचीच दुसरी नावं असतात. तो हातानं पुसला की अपडेट कायमचे अडकतात. अ‍ॅपच्या यादीत ‘व्हिज्युअल सी’ नावाच्या डझनभर नोंदी दिसतात. त्या कचरा वाटतात, पण त्यांच्यावर इतर अ‍ॅप उभी असतात. रजिस्ट्री साफ करणारी अ‍ॅप वेग वाढवत नाहीत, बिघाड मात्र घडवू शकतात. आणि रॅम भरलेली दिसते म्हणून घाबरू नये. मोकळ्या रॅममध्ये प्रणाली पुढे लागणाऱ्या गोष्टी आधीच आणून ठेवते, मागितली की जागा करून देते.

खालून बांधत जाणं

विंडोज हलकं करणं म्हणजे भरलेल्यातून काढणं. लिनक्समध्ये उलट दिशेनंही जाता येतं. डेबियनचा छोटा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घेतला आणि मांडणीच्या टप्प्यावर सगळ्या खुणा काढल्या तर काळ्या पडद्यावर अक्षरं दाखवणारी अगदी मोजकी प्रणाली बसते. मग खिडक्यांची व्यवस्था, ब्राउझर, लिबरऑफिस, प्रिंटर असं एकेक वर चढवायचं. ज्याला एवढी खटपट नको त्याच्यासाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, लुबुंटू, त्याहून जुन्या यंत्रांसाठी अँटीएक्स आहेत. उबुंटूनं १८.०४ मध्ये ‘किमान मांडणी’चा पर्याय दिला आणि २३.१० पासून तोच आपसूक निवड केला : ब्राउझर आणि मोजकी साधनं, बाकी हवं ते स्वतः घ्या. भरलेलं ताट वाढण्यापेक्षा मागेल ते वाढणं ही पद्धत तिथे रुळली आहे.

पण लिनक्सच्या हलकेपणालाही मर्यादा आहे, आणि ती प्रणालीच्या बाहेर आहे. ‘डॅम स्मॉल लिनक्स’ या नावाजलेल्या वितरणानं २००० च्या दशकात ५० एमबीची शपथ घेतली होती. व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीत ते बसे. त्याचे कर्ते जॉन अँड्र्यूज यांनी २०२४ मध्ये ते पुन्हा जिवंत केलं, तेव्हा मर्यादा ठेवली ७०० एमबीची. आजचा ब्राउझर घ्यायचा तर ५० एमबीत काहीच होत नाही. प्रणाली अर्ध्या जीबीपेक्षा कमी रॅममध्ये बसवली, तरी दहा टॅब उघडले की उरलेली रॅम ब्राउझरच खातो. ३२ बिटच्या फार जुन्या यंत्रांची वाटही अरुंद होत चालली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं.

मराठीचं काय? इथे परिस्थिती बरी आहे. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींचा ज्यावर बराच हात फिरला तो ‘लोहित देवनागरी’ आणि गूगलचा ‘नोटो’ हे फॉन्ट मोफत मिळतात. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. मात्र छाटणीच्या भरात कुणी ‘इंग्रजी सोडून सगळ्या भाषा पुसा’ असं सुचवतं. न लागणारी भाषांतरं पुसणारं ‘लोकेलपर्ज’ हे साधन डेबियनमध्ये आहेच. ते चालवताना मराठी आणि इंग्रजी दोन्हींवर खूण असल्याची खात्री करावी.

अडचणीही सांगायला हव्यात. ‘श्री-लिपी’त काम करणारा अक्षरजुळणीचा व्यवसाय, टॅलीवर चालणारं दुकान, डिजिटल सहीची किल्ली लावून विवरणपत्रं भरणारा कर-सल्लागार यांचं काम विंडोजला बांधलेलं आहे. त्यांनी लिनक्सच्या नादात रोजीरोटी अडवू नये; विंडोजच नीट छाटावं. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार, तक्ते, चित्रपट, मुलांचा अभ्यास एवढ्यात भागतं, त्यांनी आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावं. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते कळतं.

मापानं शिवलेली प्रणाली

हे सगळं एकेकट्या हौशी माणसाचं काम आहे, असं समजायचं कारण नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये उबुंटूवर आधारलेली, शाळांसाठी जुळवलेली प्रणाली चालते. ‘काइट’ या तिथल्या शिक्षण-तंत्रज्ञान संस्थेनं अभ्यासक्रमाला लागणारी साधनं घातली आणि मल्याळमची सोय आधीच करून ठेवली. २०१९ मध्ये नवी आवृत्ती आणताना ती दोन लाखांहून अधिक संगणकांवर जाईल आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असं त्या संस्थेनं सांगितलं होतं. या उदाहरणात पैशांहून मोलाची गोष्ट क्रमाची आहे. तिथे आधी गरज लिहिली गेली, मग प्रणाली बेतली गेली. आणि स्थानिक भाषा त्या गरजेत पहिल्या ओळीवर होती.

महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या संगणक-खोल्यांत जुनी यंत्रं कापडाखाली झाकलेली आहेत हे मोजायला सर्वेक्षण लागणार नाही, जाऊन पाहिलं तरी पुरे. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. आपल्याकडे २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, पण ते यंत्र टाकून दिल्यानंतरचे. यंत्र टाकावंच लागू नये यासाठीची कृती मालकाला करावी लागते.

तेव्हा येत्या सुट्टीत एक काम करा. जुना लॅपटॉप काढा. त्यातले फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ती प्रत उघडते का ते तपासा. मग कागदावर लिहा, या यंत्राकडून तुम्हाला नेमकं काय हवं आहे. यादीत मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड सर्वांत वर असू द्या, त्याखाली प्रिंटर, मग बाकीचं. यादीत नसलेलं काढा. काय आहे ते समजत नसेल तर तूर्त राहू द्या. सुरक्षेचे अपडेट बंद करू नका. आणि एवढं करूनही यंत्र चाललं नाही, तरच ते अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या, रद्दीवाल्याला नको.